आईचं बीपी उभं करून कुणी बघितलंच नव्हतं

दीड महिना इथं काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी दुकानात येऊन विचारलं, "काय ओ, पाणीपट्टीचं प्रकरण सोडलं की काय?" सोडलं नाही. आई पडली. खुब्यात हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, आता घरी आहे, वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. सहानुभूतीसाठी लिहीत नाहीये. ती का पडली हे कळल्यापासून डोकं शांत नाही, म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे. घरात साठीच्या पुढचं शुगरचं माणूस असेल तर तेवढा वेळ काढा.

आई ७१ वर्षांची. शुगर सोळा वर्षं, बीपी दहा वर्षं. दर महिन्याची तपासणी तिनं कधी चुकवली नाही. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, संध्याकाळी देवळापर्यंत चालणं. म्हणजे ज्यांना डॉक्टर "शिस्तीचा पेशंट" म्हणतात, त्यातली.

त्या दिवशी पहाटे पाचला उठली, लघवीला निघाली आणि पलंगापासून चौथ्या पावलावर कोसळली. सगळे म्हणाले, पाय घसरला असेल. मी फरशी बघितली. कोरडी होती. चप्पल पलंगाखालीच होती.

आणि खरं सांगायचं तर ती सहा महिने सांगत होती. "उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती बघ." मी म्हणायचो, नीट जेवत नाहीस. बहीण म्हणायची, एकादशी बंद कर. शेजारचे म्हणायचे, वय झालं आता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सतरंजीवरून उठताना तिनं भिंत धरली, तेव्हा बायकांनी घाईघाईनं तोंडात साखर घातली. शुगर कमी झाली असेल म्हणून. घरी येऊन मशीनवर बघितली तर २३६. म्हणजे शुगर कमी झालीच नव्हती. तरी आमच्या कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

डॉक्टरांनाही सांगितलं होतं. त्यांनी स्टुलावर बसवून बीपी बघितलं. १३८/८०. "एकदम छान आहे." चक्करची एक गोळी लिहून दिली. आम्ही खूश होऊन घरी आलो.

मिरजेत ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी व्यायामाच्या ताईंनी तिला उभं केलं आणि ती पांढरीफटक पडली. एक तरुण डॉक्टर पोरगी राउंडला होती. तिनं आईला परत झोपवलं. "काकू, पाच मिनिटं गप पडून राहा." पाच मिनिटांनी पट्टा बांधून बीपी घेतलं, १५२/८४. मग दोघांनी धरून उभं केलं. एका मिनिटानं ११८/७०. तीन मिनिटांनी ११४/६८. नाडी ७८ वरून ८२. बस, एवढंच.

ती म्हणाली, ऑपरेशनमध्ये रक्त गेलंय, अशक्तपणा आहे, त्यानंही असं होतं. दोन आठवड्यांनी परत बघू. दोन आठवड्यांनी परत बघितलं. आकडे थोडे बदलले, पण बीपी पडायचं ते पडलंच. मग तिनं विचारलं, "याआधी कधी उभं राहून बीपी बघितलं होतं का?"

मी फाइल काढली. सोळा वर्षांचे कागद. शंभराच्या वर ठिकाणी बीपी लिहिलेलं. एकही उभ्यानं घेतलेलं नाही.

मी डॉक्टर नाही, झेरॉक्सचं दुकान चालवतो. पण तिनं जे समजावलं आणि नंतर मी जे वाचलं, ते आपल्या भाषेत सांगतो.

आपण आडवे असतो तेव्हा रक्त अंगभर सारखं पसरलेलं असतं. उभं राहिलं की अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त रक्त पायांकडं आणि पोटाकडं उतरतं. मेंदू सगळ्यात वरच्या मजल्यावर. आपल्याकडं नळाला पाणी आलं की खालच्या आळीत धो-धो आणि वरच्या आळीत ठणठणाट, तसंच हे. मग वरच्या आळीला पाणी कसं पोचतं? व्हॉल्व्हमन खालचा व्हॉल्व्ह आवळतो आणि पंपाचा जोर वाढतो. अंगातही तसाच व्हॉल्व्हमन आहे. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणाऱ्या जागा असतात. दाब उतरला की तिथून नसांमार्फत निरोप जातो, पायातल्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जरा जोरात धावतं. काही सेकंदांत सगळं जागेवर. आपल्याला कळतही नाही.

शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की ती नसा खाते. तळपायाची आग होते, मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या नसा आपल्या हुकमाशिवाय चालतात, हृदयाच्या, रक्तवाहिन्यांच्या, पोटाच्या, लघवीच्या, त्याही ती खाते. मग व्हॉल्व्हमनला निरोपच पोचत नाही. माणूस उठतो, रक्त खाली उतरतं, वर काही चढत नाही. डोळ्यापुढं अंधारी येते, मान-खांदे दुखतात, पाय लटपटतात. काहींना तर काहीच जाणवत नाही, सरळ खाली. आईची नाडी नुसती चारनं वाढली, त्याचा अर्थ हा होता.

डॉक्टर लोकांचा ठरलेला हिशेब असा: उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० नं पडला, तर ते नोंद घेण्यासारखं. आईचा वरचा ३४ नं पडला होता.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली.

त्या डॉक्टर पोरीनं घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या. पिशवी आणली, कॉटवर ओतली. अकरा प्रकारच्या स्ट्रिप्स. बीपीच्या गोळीतच लघवीवाटे पाणी काढणारं औषध होतं. शुगरसाठी वर्षभरापूर्वी एक नवी गोळी सुरू झाली होती, ती लघवीवाटे साखर काढते, साखरेबरोबर पाणीही जातं. ही गोळी वाईट नाही, हृदयाला आणि किडनीला चांगली आहे म्हणूनच देतात. तळपायाच्या जळजळीसाठी तिसऱ्याच डॉक्टरांनी रात्री घ्यायला एक गोळी दिलेली, तिनंही उभं राहताना बीपी उतरतं. आणि वरून ती चक्करची गोळी. तीन डॉक्टर, तीन फायली. प्रत्येकानं आपापल्या जागी बरोबरच लिहिलेलं. सगळ्या स्ट्रिप्स एका ठिकाणी ओतून कुणी बघितल्या नव्हत्या. मी पण नाही. मी तर दर महिन्याला मेडिकलमधून त्या आणत होतो.

आजोबा लोकांसाठी आणखी एक. प्रोस्टेटसाठी, लघवी मोकळी व्हावी म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यातल्या बऱ्याच बीपीही उतरवतात. शुगर, बीपी आणि प्रोस्टेट अशा तिन्ही फायली असलेली माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

इथं एक गोष्ट ठळक सांगतो. ही पोस्ट वाचून कुणीही बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. बीपी मोकाट सुटलं तर लकवा, हार्ट अटॅक, किडनी, सगळं पुढं उभं आहे. आईचं तरी काय होतं? आडवं असताना बीपी जास्त आणि उभ्यानं कमी. एक बाजू सांभाळायला गेलं की दुसरी बिघडते. हे गोळी बंद करण्याचं काम नाही, दोन्ही आकडे बघून गोळी, मात्रा आणि वेळ बसवण्याचं काम आहे, आणि ते डॉक्टरांचंच. आईच्या दोन गोळ्या बदलल्या, एक थांबवली. चार आठवड्यांनी उभं राहिल्यावरची घसरण निम्म्यावर आली. पूर्ण गेली नाही. नसा परत येत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, हे तुमच्या घरचं झालं, याचा गावाशी काय संबंध?

संबंध आहे. आयसीएमआरचा देशभरातला मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यानुसार भारतात १० कोटींच्या वर माणसांना मधुमेह आहे. ही माणसं म्हातारी होत चालली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, आणि त्यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त. आपण मात्र "पडले, मग अंथरुणाला खिळले, मग गेले" असं तिरडीजवळ उभं राहून सांगतो आणि त्याला म्हातारपण म्हणतो. खुब्याचं हाड मोडलं की म्हातारं माणूस कसं खचतं, हे आपल्यातल्या कुणाला नवीन आहे?

माझं दुकान बँकेच्या समोर आहे. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्याची गर्दी मी बघतो. मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देता येतो, पण आपल्याकडं अजून अर्धी म्हातारी माणसं रांगेतच उभी असतात. गेल्या नोव्हेंबरला एक आजोबा रांगेत खाली बसले ते आडवेच झाले. चौघांनी उचलून माझ्या दुकानाच्या पायरीवर आणलं. पाच मिनिटं पडल्यावर उठून बसले, पाणी प्याले. आम्ही म्हणालो, ऊन लागलं. आजोबा म्हणाले, "शुगर आहे मला." मी त्यांना चॉकलेट दिलं. आणि ते परत रांगेत जाऊन उभे राहिले. आम्हीच त्यांना त्यांची जागा मिळवून दिली, आणि त्याचं आम्हाला कौतुकही वाटलं. आज आठवलं की लाज वाटते.

आपल्या गावात वर्षाला किती मोफत आरोग्य शिबिरं होतात? साहेबांचा वाढदिवस, दादांचा वाढदिवस, गणेशोत्सव, कुणाची तरी पुण्यतिथी. मंडप, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बोटाला सुई, दंडाला पट्टा, हातात चिठ्ठी आणि शेवटी फोटो. माझ्या आईनं अशा निदान दहा शिबिरांत बीपी तपासून घेतलंय. खुर्चीत बसून. शिबिर भरवणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण त्या दहातल्या एकात जरी तिला कुणी "आजी, जरा उभं राहा" म्हटलं असतं, तर?

सरकारी बाजू बघू. बीपी-शुगरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. आरोग्य केंद्रात तपासणी होते, गोळ्या फुकट मिळतात, नर्सताई वही ठेवतात. हे काम चांगलं आहे, मी स्वतः गोळ्या तिथून आणल्यात. आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यात उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, असा प्रश्नही आहे. म्हणजे वर बसलेल्या कुणीतरी विचार केला होता. आमच्या घरीही फॉर्म भरलाय. आई "हो" म्हणाली होती, मी शेजारीच बसलो होतो. त्या "हो"चं पुढं काय झालं? काही नाही. यात आशाताईंचा दोष नाही. त्यांना विचारायला सांगितलं, त्यांनी विचारलं. उत्तर आलं की पुढं कुणी काय करायचं, हे आपल्याकडं चालताना दिसत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. चांगलं झालं. पण हाड मोडल्यावर लाखांची सोय आणि हाड मोडू नये म्हणून तीन मिनिटं नाहीत, हा हिशेब मला पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे:

एक. आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात, साठीच्या पुढच्या प्रत्येक मधुमेही माणसाचं बीपी सहा महिन्यांतून एकदा झोपवून आणि मग उभं करून बघावं. गोळी बदलली असेल, चक्कर सांगत असेल किंवा पडून आला असेल, तर त्याच दिवशी. केसपेपरवर "उभ्यानं" असा एक रकाना. शिक्का बनवायला दीडशे रुपये लागतात, ते मी देतो.

दोन. आशाताईंच्या फॉर्मवर तोल जातो असं उत्तर आलं की ते नाव आरोग्य केंद्राच्या यादीत जावं आणि पुढच्या तपासणीच्या दिवशी त्या माणसाला बोलावणं जावं.

तीन. बँक, रेशन दुकान, तहसील आणि दवाखान्याची औषध खिडकी, इथं म्हाताऱ्यांसाठी टोकन आणि बाकडं. उभी रांग बंद. नगरपालिकेला चौकात बसवायला बाकडी मिळतात, नगरसेवकांचं नाव रंगवून मिळतात. त्यातली चार इकडं द्या, नाव मोठ्या अक्षरात टाका, आमची हरकत नाही.

चार. सार्वजनिक शौचालयात बसून उठताना धरायला भिंतीला एक पाइप. उकिडवं बसून एकदम उठणं हीच यातली सगळ्यात धोक्याची वेळ.

पाच. जे शिबिर भरवतील त्यांनी मंडपात एक कॉट ठेवावी.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. एका ओळखीच्या नर्सताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दादा, तपासणीच्या दिवशी शंभर-सव्वाशे माणसं असतात. एकेकाला पाच मिनिटं झोपवून, तीन मिनिटं उभं करून बघत बसले तर रात्र होईल." बरोबर आहे. म्हणूनच सगळ्यांचं नको म्हणतोय, दर वेळी नको म्हणतोय. शंभरातले साठीच्या पुढचे शुगरवाले वेगळे काढा, सहा महिन्यांत वाटून टाका, दिवसाला आठ-दहा माणसं येतील. पाच मिनिटं पडून राहण्यासाठी नर्सताई लागत नाहीत, कॉट लागते. आणि कॉट रिकामी नसेल तर निदान बसून एकदा आणि उभ्यानं एकदा घ्या. झोपवून घेतल्याइतकं ते पक्कं नाही, पण काहीच न बघण्यापेक्षा बरं. आणि जागा रिकाम्या असतील तर त्या भरा म्हणून मागणी करायला आम्ही त्यांच्या बाजूनं उभे राहू. नर्सताईंना हे सांगितलं, तेव्हा त्या हसल्या, म्हणाल्या, "आधी कॉट आणा."

दुसरा आक्षेप घरचाच आहे. "म्हाताऱ्यांना चक्कर येतेच." नाही. येतेच असं नाही. आली तर कारण असतं, आणि बऱ्याच वेळा त्यातलं निम्मं कारण सुधारता येतं.

तोपर्यंत घरात काय करायचं, हे आम्हाला जे सांगितलं ते सांगतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून करा.

झोपेतून एकदम उठायचं नाही. आधी पडल्या पडल्या पंजे दहा-वीस वेळा वर-खाली. मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं. मग काहीतरी धरून उभं राहायचं, आणि लगेच चालायचं नाही. आई आता मनात मारुतीस्तोत्र म्हणते आणि मगच पाऊल टाकते. रात्री छोटा दिवा चालू ठेवायचा. पलंगाजवळ भांडं किंवा खुर्चीचं कमोड ठेवायला लाजायचं नाही. उठण्याआधी दोन ग्लास पाणी, पण हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी डॉक्टरांना विचारूनच. कडकडीत पाण्यानं उभ्यानं अंघोळ नको, पाटावर बसून कोमट पाण्यानं. पोटभर जेवून लगेच उठू नये, काहींचं बीपी जेवणानंतरही उतरतं. उन्हाळ्यात आणि जुलाब-उलटीत जास्त जपायचं. अंधारी आली की हिरोगिरी न करता तिथंच खाली बसायचं. आणि तोंडात साखर घालण्याआधी मशीन असेल तर शुगर बघा. मशीन नसेल तर साखर द्याच, कमी शुगर जिवावर बेतते. पण शुगर नॉर्मल निघाली तर पुढचा प्रश्न बीपीचा, हे विसरू नका.

घरी बीपीचं मशीन असेल तर सकाळी एकदा बघा. पाच मिनिटं आडवं, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. शेजारी धरायला माणूस हवाच. तिन्ही आकडे कागदावर लिहा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. सोबत सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या, आयुर्वेदिक आणि झोपेच्या धरून.

येत्या मंगळवारी अकरा वाजता मी आरोग्य केंद्रात निवेदन द्यायला जातोय. झेरॉक्स माझ्या, सह्या तुमच्या. कॉटचं बघतोय, एका मंडपवाल्या मित्रानं जुनी देतो म्हटलंय, नर्सताईंना कळवलंय. कुणाला यायचं असेल तर दुकानासमोर जमू. म्हाताऱ्या माणसांना आणू नका, उभं राहावं लागेल.

आणि आज रात्री जेवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढं विचारा, "उठल्यावर अंधारी येते का?" बरेच जण सांगत नाहीत, पोरांच्या डोक्याला ताप नको म्हणून. माझी आई सांगत होती, आणि मी तिला नीट जेव म्हणत होतो.